काचेवरचं बोट

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्यास,

ताईचे आशीर्वाद. नेहमीचेच आहेत, पण या खेपेला दोन मुठी जास्त घातलेत, कारण पत्राच्या शेवटी काम सांगणार आहे. तू बरा असशील. तुझी बायको बरी आहे हे मला माहीत आहे, कारण परवा तिचा फोन आला होता आणि ती पाऊण तास बोलली. पाऊण तास बोलू शकणारं माणूस बरंच असतं.

इकडचं सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो. स्टुडिओच्या जिन्याला सत्तावीस पायऱ्या आहेत हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं, आता रोज मोजते. खालची शिंपीणबाई तशीच आहे, मशीन थांबलं की तोंड सुरू. कामं कमी झालीत. पूर्वी कॅटलॉगसाठी नळ, बटणं, बाटल्या, कुलपं, काय काय यायचं. आता जो तो आपल्या फोननं फोटो काढतो आणि वर मलाच विचारतो, ‘ताई, कसा आलाय?’ मी ‘छान’ म्हणते. वाद घालायला दम लागतो.

तर गेल्या आठवड्यात दिवेवाला आला. तोच रे, ज्याचा काचेचा गोळा सहा वर्षांपूर्वी आपण फोडला. म्हणजे फुटला. त्यानं आता नवा आणलाय, फुटबॉलएवढा. प्लाझ्मा दिवा म्हणतात त्याला. मधोमध लहानसा गोल, आणि त्यातून काचेपर्यंत जांभळे विजेचे धागे सुटलेले. नव्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर त्याला याचा अगदी जवळून काढलेला फोटो हवाय. म्हणाला, ‘ताई, असं वाटलं पाहिजे की माणूस विजेला हात लावतोय आणि वीज त्याला ओळखतेय.’ बोलतो छान. मी हो म्हणून बसले.

भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावलं, दाराच्या फटीत चादर कोंबली आणि दिवा लावला. ठोंब्या, जवळचं भिंग लावून त्यात बघत बसले तर तासभर फोटो काढायचं विसरले. लांबून धागा दिसतो तो जवळून धागा नसतोच. त्याला काचेपाशी मुळ्या फुटतात, टोकं गुलाबी होतात, एक मुळी विझते तोवर शेजारी दुसरी उगवते. सगळे आपले चाचपडत असतात. त्यांना एकटं सोडलं की क्षणभर एका जागी ठरत नाहीत, आणि फोटोत धागे येण्याऐवजी नुसतं धुकं येतं.

काचेवर बोट ठेवलं की मात्र सगळे चाचपडणं सोडून त्या बोटाकडे धावतात. चांगला जाडजूड एक धागा होतो आणि बोट असेपर्यंत तो वाट सोडत नाही. म्हणून हा फोटो एकट्या माणसाचा नव्हेच. एकानं कॅमेऱ्यामागे राहायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं आणि अर्धा सेकंद दगड व्हायचं. नखाएवढी जागा पानभर मोठी करायची म्हटल्यावर माशीच्या पंखाएवढं हललेलंही दिसतं.

शिंपीणबाईला बोलावलं. बोट ठेवलं की ती बोलायची, आणि बोलली की हलायची. ‘अगं बाई, गुदगुल्या होतात का गं? शॉक बसला तर? माझ्या जावेच्या भाच्याला एकदा शॉक बसला होता...’ भीक नको पण कुत्रा आवर, असं झालं. चाळीस फोटो काढले, चाळीसही फुकट. उपकार म्हणून मलाच तिला चहा पाजावा लागला.

तुझी आठवण आली हे सांगायला हवं का? आई तुला पायरीवर बसवून दुकानात जायची आणि परत यायची तेव्हा तू तिथंच, त्याच मांडीत, नाकावर माशीसकट. ठोंब्या हे नाव तिथूनच पडलं. मोठा झालास, इथंच घड्याळं दुरुस्त करायला लागलास, तरी रविवारी माझ्याकडे येऊन हात द्यायचास. त्या कॅटलॉगांत कुलपं धरलेला, नळ फिरवणारा, पेनाचं टोपण काढणारा जो हात आहे, तो सगळा तूच आहेस. आपला नियम आठवतो ना? मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. कितीदा मी फोनवर बोलत बसायची आणि तू आपला बाटली धरून उभा.

तर काम हे, की एक दिवस ये. आठ तासांचा बसप्रवास आहे, माहीत आहे. तिकडे राहायला गेल्यापासून सहा वर्षं तू इकडे आला नाहीस, मीही बोलावलं नाही. तेव्हा जे झालं ते झालं.

तुझी बायको म्हणाली, तू घड्याळं उघडणं सोडलंस. हत्यारं भागीदाराला दिलीस, आणि आता पुढच्या काउंटरवर बसून पट्टे आणि सेल विकतोस. काचेनं कापलेलं बोट तर तेव्हाच बरं झालं होतं, डॉक्टरनं मुठी वळवून घेतल्या होत्या. मग का सोडलंस, याचं कारणही तिनं सांगितलं. त्यावर सावकाश बोलू.

सोबत बाबांचं मनगटी घड्याळ पाठवतेय. साडेदहाला थांबलंय. हे मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, तुला ठाऊक आहे.

कळव.

तुझी
ताई


रविवार, १५ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. पार्सल मिळालं. घड्याळ परत आलं, गेलं तसंच, साडेदहाला. झाकणावरची धूळसुद्धा तीच. तू पुसलंही नाहीस.

आणि चिठ्ठी काय, तर चार ओळी! आठ तासांच्या प्रवासाच्या चिठ्ठीला निदान पाच तरी असाव्यात. ‘ताई, घड्याळ उघडलं नाही. इथल्या मागच्या गल्लीतला कारागीर चांगला आहे, म्हणशील तर त्याला देतो. बोटाऐवजी गाजराचं टोक ओलं करून लावून बघ. गाजर हलत नाही.’

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण तू सांगितलंस म्हणून केलं. बाजारातून गाजरं आणली, भाजीवाल्याला वाटलं हलवा करणार असेन. एक चांगलं बोटाएवढं निवडलं, ओलं केलं आणि चिमट्यात धरून काचेला टेकवलं. तुझं खरं होतं रे, धागे आले! गाजराकडे धावत आले. त्यांना माणूस काय आणि गाजर काय. इतका स्वच्छ धागा आला की मी एकटीच अंधारात टाळ्या वाजवल्या. मग फोटोतला रंग काढून टाकून गाजराला जमेल तेवढं बोटासारखं केलं आणि दिवेवाल्याला पाठवलं.

त्याचा फोन आला. म्हणाला, ‘ताई, बोट कुणाचंय हे? डॉक्टरला दाखवलं का?’

मी हसले. तूही हसशील म्हणून लिहितेय. तुझी बायको सांगते की तू हल्ली जेवताना हसत नाहीस. आधी तू जेवतानाच जास्त हसायचास, ठसका लागेपर्यंत.

बाकी ठीक. गुडघ्याला कसलंसं तेल लावते, वास येतो, गुण येत नाही. शिंपीणबाईनं कॅमेऱ्यावर घालायला काळं फडकं शिवून दिलंय, त्याला उगीचच झालर लावली आहे. कॅमेरा लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

ठोंब्या, मी आज लिहायला बसले होते ते वेगळंच काही. तीन कागद फाडले. आणि आता बघते तर गाजरावर संपवतेय.

तुझी चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. ‘गाजर हलत नाही’ हे तू गमतीनं लिहिलं आहेस असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते.

तुझी
ताई


गुरुवार, १९ फेब्रुवारी

ठोंब्या,

हे पत्र एका दमात लिहिणार आहे. मध्ये चहालाही उठणार नाही, कारण उठले की पुन्हा गाजर निघेल.

आधी तुझी बायको फोनवर काय म्हणाली ते सांगते. ती म्हणाली, ‘ताई, हे ना, घड्याळ उघडायला घ्यायचे आणि हाताकडे बघत बसायचे. मग झाकण लावून टाकायचे. मी म्हटलं, अहो, बोट बरं झालंय. तर म्हणाले, बोटाचं नाही गं. त्या दिवशी माझा हात हलला. ताईनं स्वतः पाहिलं, आणि ताईची नजर चुकत नाही. एकदा हललेला हात कधीही हलेल. लोकांची घड्याळं मी कशी उघडू?’

मी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाही. सहा वर्षं मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावला आहेस. अरे, मला त्याचं बरंच वाटायचं. रागाव, म्हणायची मी, तुझा हक्क आहे. तू माझ्यावर विश्वास ठेवून बसला असशील हे माझ्या मनातही आलं नाही.

काल दुपारी मी स्वतःचंच बोट लावून बघितलं. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा वेळ लावायचा, गुडघा सांभाळत गोळ्याकडे धावायचं आणि बोट टेकवायचं. सहा वेळा धावले. धागे आले, माझ्याकडेही आले. पण बोटाच्या जागी सहाही फोटोंत कापसाचा बोळा! ना रेषा, ना नखाची कड. वय झालं, दुसरं काय. तर हललेलं बोट कसं दिसतं, ते आता मला पाठ आहे.

मग कपाटातून तो पत्र्याचा डबा काढला. त्यात कॅमेऱ्याचं त्या दिवशीचं कार्ड आहे. ते मी फेकलं नाही, पुसलं नाही, आणि तुला दाखवलंही नाही.

त्या दिवशी काय झालं ते ऐक. तुला अर्धं माहीत आहे. गोळ्याच्या वर आडव्या दांडीला मी एक लहान दिवा टांगला होता, तुझ्या हाताची कड दिसावी म्हणून. स्टँड कलंडू नये म्हणून त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवलेली. निळी पिशवी. काच मेली सगळ्या खोलीचं प्रतिबिंब दाखवते, आणि प्रत्येक फोटोत काचेवर तो निळा डाग येत होता. मी पिशवी काढून बाजूला ठेवली. तू म्हणालास, ‘ताई, स्टँड?’ मी म्हटलं, ‘दोन मिनिटांचं तर काम आहे.’ वाळूची पिशवी हलवायची नाही हे मी स्वतः दहा जणांना शिकवलंय.

मग तू म्हणालास, ‘बास आता, हात भरून आलाय.’ आणि मी म्हटलं, ‘अजून एक. शेवटचा.’

बटण दाबता दाबता मी एक पाऊल मागे घेतलं आणि माझी टाच स्टँडच्या पायाला लागली. माझी टाच, ठोंब्या. तुझं कोपर नाही. दिवा वरून आला, गोळ्यावर आदळला, आणि गोळा तुझ्या हाताखाली फुटला.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, ‘कसं झालं?’ तुझं रक्त माझ्या ओढणीवर होतं. तोंडातून निघून गेलं, ‘याचा हात हलला, कोपर लागलं स्टँडला.’ भीतीनं निघालं. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं.

तिसऱ्या दिवशी कार्ड उघडून तो शेवटचा फोटो पाहिला. त्यातून सगळं कळत होतं. तुझे टाके काढायचे होते त्या दिवशी सांगेन असं ठरवून मी दवाखान्यात आले. तर मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालास, ‘ताई, चुकलं माझं. तुझं एवढं काम वाया गेलं.’ हाताला पट्टी बांधलेली, आणि माफी तू मागत होतास! आणि मी काय म्हटलं आठवतं? मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘जाऊ दे रे, होतं असं कधीकधी.’ मी तुला मोठ्या मनानं माफ केलं. मला याची इतकी लाज वाटते की हे वाक्य लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं.

नंतर दर वर्षाला ते सांगणं अवघड होत गेलं. आज उद्या करता करता सहा वर्षं झाली. मला वाटलं, बोट बरं झालंय, काम चालू असेल, कशाला जुनं उकरा. तुझं काम बंद आहे हे कळलं असतं तर सांगितलं असतं, असं म्हणावंसं वाटतं. पण खरंच सांगितलं असतं का, देव जाणे.

तो फोटो सोबत पाठवतेय. कालच मोठा छापून घेतला. तुझ्या डोळ्याला लावायचं भिंग अजून असेल, तर ते लावून बघ. माझ्या शब्दावर आता मुळीच विसंबू नकोस. तुझं बोट बघ. टोकावरची एकेक रेषा मोजता येते. मी मोजल्या, अठरा भरल्या. नखाच्या कोपऱ्यात घड्याळाच्या तेलाचा बारीकसा डाग आहे, तोसुद्धा कडेसह आलाय. आता त्याच्या वर काचेत बघ. वरून खाली एक पांढरी वाकडी रेघ ओढलेली दिसेल. तो पडणारा दिवा आहे. त्या अर्ध्या सेकंदात दिवा निम्म्या वाटेवर आला होता, आणि त्याच अर्ध्या सेकंदात तुझं बोट केसभरसुद्धा हललं नव्हतं.

तुझं तोंड दिव्याकडे होतं. तुला तो येताना दिसला असणार, याचा मी सहा वर्षं विचार करतेय. दुसऱ्या कुणीही हात मागे घेतला असता. तू घेतला नाहीस, कारण मी ‘झालं’ म्हटलं नव्हतं.

इतका स्थिर हात मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि लोकांचे हात बघण्यात माझं आयुष्य गेलंय. तोच हात हलला असं मी जगाला सांगितलं, आणि तुलाही.

तुझ्या बायकोला हे पत्र वाचून दाखव. तिच्यापासूनही लपवलं होतं, फोनवर तिचं ऐकून घेतलं आणि ‘हो का’ म्हटलं. भागीदारालाही दाखवायचं तर दाखव. मला कुणासमोर तोंड दाखवायला लाज वाटेल ती वाटू दे, ती माझी आहे.

दिवेवाल्याला नाही म्हणून कळवलंय. तो म्हणाला मग गाजरवालाच फोटो चालवून घेतो, त्याच्या बायकोला आवडलाय. चालवू दे.

बाबांचं घड्याळ पुन्हा पाठवतेय. आता एक ऐक, मोठी बहीण म्हणून शेवटचं सांगते, पुढे सांगायचा हक्क राहील न राहील. आधी फोटो बघ, भिंगातून, उजेडात. मग हत्यारं परत माग आणि घड्याळ उघड. मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाल, पत्रानं, फोननं, इथं येऊन, कशाही. फक्त याच क्रमानं कर. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. घड्याळ चालू झाल्याचं तेवढं बायकोकरवी कळव.

‘ये’ म्हणून या वेळी लिहीत नाही. यायचं की नाही ते तू ठरव. जिन्याला सत्तावीस पायऱ्या आहेत, आणि मी रोज खाली येऊन टपाल बघते.

आणि एक शब्द त्या दिवशी म्हणायचा राहून गेला. मी तो म्हटला नाही, आणि तू सहा वर्षं तसाच बसून राहिलास.

झालं, ठोंब्या. काढ हात.

हलली होती ती,
तुझी ताई